पहिला धडा विचारायचा

गुरुजींनी मला फसवलं, आणि गुरुजींना जिल्ह्याच्या कचेरीतल्या एका साहेबाने फसवलं. पहिली फसवणूक मी केव्हाच सोडून दिली. दुसरी सोडलेली नाही.

मी ढोल विकतो. मूळचा चिमूरकडचा. लहानपणी आईच्या मागे सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायचो; आज स्वतःचा पिकअप आहे, आणि चिमूरपासून चामोर्शीपर्यंत कोणत्या वारी कुठला बाजार भरतो ते झोपेत विचारलं तरी सांगेन. ढोल, ढोलक, डफ, सगळा माल मी स्वतः पारखून घेतो. माझ्याशी भाव करून कोणी हसत घरी गेला असेल तर तो एकच माणूस, आणि तो काही विकत न घेता गेला.

चामोर्शीच्या बाजारात एक उंच, वाळका माणूस माझ्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. पॅन्टच्या दोन्ही खिशांतून तुरीच्या काड्या वर आलेल्या. त्याने एकेका ढोलावर टिचकी मारली आणि विचारलं, "यातला सर्वात बेकार कोणता आहे जी?"

"बेकार माल पायजे असन त बाजूच्या दुकानात जा."

"रागावू नका भाऊ. एखादा वाजवून त दाखवा."

मी मोठा ढोल गळ्यात घातला आणि हाणला. त्या माणसाने डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मीच जरा लाजलो.

"वा! अजून वाजवा."

मी अजून वाजवला. बाजूचा कांदेवाला हसला, पण त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

"तुमच्यासारखा मानूस मी कवापासून पाहून राह्यलो," तो म्हणाला. "मी इथल्या शाळेचा मास्तर. पोराइले ढोल शिकवायचे धडे बनवून राह्यलो. तुमच्याशिवाय हे काम होत नाई, सेठ."

मी इतकंच ऐकलं की शाळा पुष्कळ आहेत आणि प्रत्येक शाळेला ढोल लागतील. त्या दिवसापासून गुरुजींना पिकअपमध्ये बसवून गावोगाव फिरवायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं.

गुरुजींचे हात कधी स्थिर नसत. चहाच्या टपरीवर पेला आधी वाजायचा, मग ओठाला लागायचा. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डला तडा गेला तो त्यांच्या बोटांनी. पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीवर ताल धरण्यावरून त्यांची एस.टी.त दोनदा भांडणं झाली. मी ओरडलो की ते हात मांडीवर ठेवत आणि थोड्या वेळाने मांडी वाजू लागे. आणि गंमत अशी की त्यांना वाजवता येत नव्हतं. अजिबात नाही. घरात कोणी वाजवणारं नाही, शाळेत कधी संगीत शिकलेले नाहीत. हात पायाच्या पुढे धावायचा.

"मंग तुमी कसे शिकवता?" मी एकदा विचारलं.

"म्हणूनच त मी शिकवतो," ते म्हणाले. "आपल्या शाळाइत संगीताचा मास्तर कवा येणार हाय? हाय तो मास्तर हिशेब शिकवते, खिचडी पाहते, मतदार यादी करते. त्याले जमंल असा धडा पायजे. मले जमला, म्हंजे कोनालेबी जमला. मी मोजपट्टी आहो सेठ. मोजपट्टीनं हुशार होऊन चालत नाई."

त्यांची पद्धत सांगतो. आधी पाय. पोरं मैदानात गोल चालतात. मास्तराने फक्त त्यांच्यासोबत चालायचं. मग तोंड. चालता चालता गावातल्याच बोलण्यातले शब्द म्हणायचे, "भात भाजी, भात भाजी, वरण दे!" मग टाळी. मग शब्द मनात ठेवायचे आणि खिचडीच्या तेलाचे रिकामे पिपे पालथे घालून तुरीच्या काड्यांनी तेच वाजवायचं. ढोल सगळ्यात शेवटी. एखादा मास्तर म्हणाला की मला ताल कळत नाही, तर गुरुजी त्याला विचारत, "चालता येते ना जी? घरून शाळेत कसे आले? मंग झालं!"

पिपे पाहून माझा जीव जळायचा. मी ढोल विकणारा माणूस, आणि माझ्याच गाडीत बसून हा माणूस शाळाशाळांना डबे वाजवायला शिकवत होता. पण मी धीर धरला. शेवटी ढोल येणारच होता.

दोन पावसाळे असे गेल्यावर गुरुजी एके दिवशी गाडीत फार उदास बसले. मला वाटलं घरात काही झालं.

"काऊन गुरुजी?"

"हात बसला," ते म्हणाले. "काल पूर्ण ताल वाजला. एकबी चूक नाई. आता मी कामाचा नाई राह्यलो."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाजारात पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. त्यानंतर नवा धडा झाला की ते आधी माझ्याकडून करून घेऊ लागले. मला वाटायचं, जाणकार माणूस म्हणून माझं मत घेतात. मी मान हलवून सूचना करायचो. ते त्या मन लावून ऐकायचे.

हे फुटलं ते मास्तरांच्या प्रशिक्षणात. केंद्रशाळेच्या वऱ्हांड्यात आजूबाजूचे सगळे मास्तर आणि बाई जमलेल्या. जबरदस्तीने बसवलेल्या माणसांची तोंडं असतात तशी तोंडं. एक बाई उठून म्हणाल्या, "गुरुजी, आमी काय शिकवाव? मले त भजनात टाळी मारता येत नाई."

गुरुजी म्हणाले, "सेठ, इकडं या जी."

मी पुढे गेलो. चाललो, बोललो, पिपा वाजवला, मग गळ्यात ढोल घेऊन तोच ताल अखेरपर्यंत नेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. तेव्हा गुरुजी म्हणाले, "हे भाऊ ढोल विकतात. पन याइच्याएवढा बेताल मानूस मी अख्ख्या बाजारात पाह्यला नाई. चार तालुके फिरून मले हे सापडले. हे शिकले, त बाई, तुमाले काय कठीण आहे?"

सगळा वऱ्हांडा हसला. बाई तर पदर तोंडाला लावून हसल्या.

मी ढोल खाली ठेवला, गाडी काढली आणि गुरुजींना तिथेच सोडून निघून आलो. पुढच्या बाजारी ते आले आणि माझ्या दुकानाच्या ताडपत्रीखाली पोत्यावर बसले. मी गिऱ्हाइकाशी बोलत राहिलो. ते बसून राहिले. शेवटी मीच म्हणालो, "मले ढ म्हनाले ना चारचौघात?"

"म्हनलो."

"मंग इथी काहाले आले?"

"नवा धडा झाला, सेठ. तुमच्यावर बसवल्याशिवाय पक्का होत नाई."

असल्या माणसावर किती वेळ रागावणार? पण मी व्यवहार सोडला नाही. मी अट घातली की शेवटचा धडा खऱ्या ढोलावरच झाला पाहिजे, पिप्यावर नाही. त्यांनी लगेच हात पुढे केला. कबूल! मी खूश. धडा लिहून झाल्यावर पाहतो तर त्यात होतं, ढोल त्याच गावातल्या माणसाने मढवलेला असावा. म्हणजे माझा नाही. मी एवढे सौदे केले, पण हात मिळवल्यावर इतका गोड फसलो नव्हतो.

हे सगळं हसण्यावारी गेलं. आता जे सांगायचं आहे ते पहिल्या धड्याचं.

गुरुजींच्या पहिल्या धड्यात वाजवायचं काहीच नव्हतं. तो विचारायचा धडा होता. पोरांनी घरी जाऊन आजीला, आजोबाला, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारायचं की आपल्या गावात कोणता ताल केव्हा वाजतो आणि कोणता ताल उगाच वाजवायचा नसतो. मग मास्तराने पोरांसोबत बसून ते ऐकायचं. एवढं झाल्याशिवाय दुसरा धडा उघडायचा नाही. कारण इकडे गावागणिक ताल बदलतो. भामरागडकडच्या एका गावात आम्हाला सांगितलं की पंडुम, म्हणजे त्यांचा सण, झाल्याशिवाय ढोल खुंटीवरून उतरत नाही. आम्ही तिथून मुकाट्याने परत आलो. नदीकाठच्या एका गावात ढिवर लोक मोठं जाळं ओढतात तेव्हा एक संथ ताल वाजतो. "ओढ, ओढ, ओढ गा भाऊ." ऐकायला गोड, वाजवायला अगदी सोपा. तिथून जवळच एक तलावाचं गाव आहे. तिथे तोच ताल मयतीपुढे वाजतो; आता कधीमधीच, त्यामुळे लहान पोरांना तो ओळखू येत नाही. तो कानावर आला की शेतातलं काम थांबतं आणि घरोघरी चुलीवर पाणी टाकून विस्तव विझवतात.

त्या तलावाच्या गावात गुरुजींनी पहिला धडा दिला, तेव्हा दुसऱ्या दिवशी एक माणूस शाळेत आला. स्वच्छ कपडे, सरळ मान. त्याची मुलगी चौथीत होती. तो गुरुजींना म्हणाला, "माहा आजा या गावात मयतीचं डफडं वाजवे. कोनी मेलं की बोलावनं ये. पानी असो, जेवन असो, उठून जा लागे. मोबदला म्हंजे शिळं अन्न, थेबी दुरून वाढलेलं. आमी बौद्ध झालो तवा त्यानं डफडं आंगनात फोडलं. आता माही पोरगी शाळेत वाजवन म्हन्ते. मले सांगा, मी काय करू?"

गुरुजींचे हात तेव्हा थांबले होते. मी पाहिलं.

"तुमी सांगा जी," गुरुजी म्हणाले. "तुमी म्हनाल त नाई वाजवनार."

त्या माणसाने वर्गात बसलेल्या आपल्या पोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "जयंतीले वाजवू द्या. खुशीनं वाजवू द्या. पन मयतीचा ताल माह्या पोरीच्या हातानं या गावात वाजला नाई पायजे. शिकायले बी नाई, खेलायले बी नाई."

"जबान देतो," गुरुजी म्हणाले.

त्या वर्षीच्या जयंतीला ती मुलगी मिरवणुकीत सर्वांच्या पुढे होती. ढोल तिच्यापेक्षा मोठा. तिचा बाप बाजूने चालत होता आणि चालता चालता त्याचा हात मांडीवर ताल धरत होता. गुरुजींनी मला कोपराने ढोसलं. "पाहा सेठ, हाबी बेताल आहे. तुमाले जोडीदार भेटला."

गुरुजींची निवृत्ती जवळ आली तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीतला तो साहेब त्यांच्या शाळेत आला. बोलायला चांगला होता, हे मी कबूल करतो. त्याने पोरांचं वाजवणं ऐकलं, गुरुजींना मिठी मारली आणि सांगितलं की हे धडे सगळ्या शाळांत जातील. आपण त्यांचे व्हिडिओ करू, मास्तराने मोबाईल लावला की झालं. गुरुजींनी होतं नव्हतं ते सगळं त्याच्या हवाली केलं. मी गाडीत म्हणालो, "काही लिहून त घ्या." ते म्हणाले, "सगळ्या शाळाइत वाजन, आनखी काय पायजे?" आणि डॅशबोर्ड वाजवायला लागले.

व्हिडिओ आले. एका मास्तराने गुरुजींना मोबाईलवर दाखवले. छान केले होते. रंगीत, नदीकाठी पोरं उभी. पण विचारायचा धडा त्यात नव्हता. सुरुवातच नदीवरच्या गावातल्या त्या संथ तालाने होती, कारण तो सगळ्यात सोपा.

आम्ही दोघे कचेरीत गेलो. साहेबाने चहा मागवला. गुरुजींनी पेला वाजवला नाही.

"साहेब, पहिला धडा कुठी गेला?"

"गुरुजी, त्यात वाजवायचं काय होतं? मुलं नुसती बसून बोलतायत. व्हिडिओत ते कोण पाहणार?"

"पन हा ताल सगळ्या गावाइत चालत नाई. काही गावात मयतीचा आहे."

"गावोगाव विचारत बसलो तर वर्ष निघून जाईल, गुरुजी. आणि लोक समजून घेतात. ताल तो ताल."

मी उठलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गुरुजींनी माझं मनगट धरलं आणि साहेबाला पुन्हा म्हणाले, "एक त्या तलावाच्या गावात त नका पाठवू जी. मी जबान दिली आहे."

"बघतो," साहेब म्हणाला.

हे माझ्यासमोर झालं. त्याला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

गुरुजी निवृत्त झाले. तलावाच्या गावातल्या मास्तराची बदली होऊन नवा आला, तरुण, दुसऱ्या जिल्ह्यातला, मन लावून काम करणारा. त्याचा मी दोष मानत नाही. त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ आले, त्यातले धडे त्याने पोरांकडून बसवून घेतले. ती मुलगी आता सातवीत, सर्वांत तयारीची, म्हणून मोठा ढोल तिच्या गळ्यात. पंधरा ऑगस्टची तयारी होती. भाताच्या रोवण्याचे दिवस. सगळं गाव बांधीत, गुडघाभर चिखलात.

ताल सुरू झाला आणि रोवणाऱ्या बायांचे हात थांबले. कोणाच्या हातातली रोपं तशीच राहिली. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांनी चुलीवर पाणी टाकलं. बांधीतून लोक धावत निघाले. प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता, "कोन गेलं गा? कोनाच्या घरी?" प्रत्येकाच्या मनात आपल्या घरातला आजारी माणूस. एक बाई आपल्या सासूचं नाव घेऊन रडत पळत होती. घरी पोचली तर सासू दारात उभी, तीही विचारत होती की कोण गेलं.

आवाजाच्या मागे सगळे शाळेत आले. मैदानात पोरं हसत गोल चालत होती. मधोमध ती मुलगी.

पोरांना वाटलं, आपलं पाहायला गाव आलं. त्यांनी आणखी जोरात वाजवलं.

तिचा बापही बांधीतून आला होता, चिखलाने भरलेला. तो गोलात शिरला. मुलीच्या गळ्यातून ढोल अलगद काढला आणि जमिनीवर ठेवला. मग नव्या मास्तराकडे वळला. एवढंच म्हणाला, "गुरुजीले बोलवा."

मास्तराने मला फोन केला. मी गुरुजींना घेऊन गेलो. अंगणात बाज टाकली होती. पाणी आलं. मुलगी दाराआड होती, तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं. तिला काय माहीत?

"तुमी जबान देल्ली होती," बाप म्हणाला.

"होय जी. देल्ली होती."

मला राहवलं नाही. "गुरुजीनं नाई केलं हे! त्या साहेबानं..."

"चूप बसा सेठ," गुरुजी म्हणाले. "धडे माहे आहेत."

बाप माझ्याकडे नाही, गुरुजींकडेच पाहत होता. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला आवाज चढवणाऱ्यांशी बोलता येतं. तो म्हणाला, "तुमी नाई केलं, हे मले समजते गुरुजी. मंग कोनं केलं, थे त सांगा. माह्या आज्यानं फोडलेलं डफडं माह्या पोरीच्या गळ्यात कोनं टाकलं?"

 गुरुजींना साहेबाचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं, पण ते नाव त्या अंगणात काय कामाचं? नाव काही बाजेवर येऊन बसत नाही.

परतताना गुरुजींचे हात मांडीवर होते. मी मुद्दाम खड्ड्यातून गाडी घेतली, हॉर्न वाजवला, रस्त्यावरच्या गुरांना शिव्या दिल्या. हात हलले नाहीत. शेवटी मी म्हणालो, "वाजवा ना जी, डॅशबोर्ड आधीच फुटला आहे."

ते म्हणाले, "गाडी हळू चालवा."

आता ते नागपूरला मुलीकडे असतात. मध्यंतरी तिने फोन केला होता. म्हणाली, "काका, बाबा फार शांत झालेत. काहीच वाजवत नाहीत. चहा आला की सरळ पितात. आमच्या ह्यांना बरं वाटतं, घरात आवाज नाही म्हणून. मलाच कसंतरी होतं." मी तिला म्हणालो, वय झालं. दुसरं काय सांगणार?

पहिल्या फसवणुकीबद्दल मी गुरुजींकडे काही मागत नाही. उलट, त्या धड्यांमुळे मला आज सरळ वाजवता येतं आणि कांदेवाला हसत नाही. पण दुसरीचं उत्तर मला पाहिजे. साहेब, तुम्ही आता वरच्या जागेवर गेलात असं ऐकतो. व्हिडिओ अजून तसेच चालू आहेत, त्याच तालाने सुरू होतात. तुमच्या कचेरीत मी पुन्हा येणार नाही, तिथे चहा मिळतो आणि "बघतो" मिळतं. तुम्ही या. गाडी माझी, डिझेल माझं. वाटेत नागपूरहून गुरुजींना घेऊ. त्या अंगणात बाज अजून आहे. त्या माणसासमोर बसा, त्याच्या मुलीला दारातून बाहेर बोलवा, आणि तिला सांगा की तो पहिला धडा कोणी काढला आणि काय म्हणून काढला. मी भाव करण्यात आयुष्य घालवलं, पण यात एक शब्द कमी घेणार नाही.

बोला, केव्हा येता?